कोणाची खंडी?

पेण आणि रोहे तालुक्यांत यंदा भात किती पिकले असे एखाद्या जुन्या माणसाला विचारले, तर उत्तर अजूनही मणात आणि खंडीत येते. मुंबईला शिवडीच्या कॉटन ग्रीनमध्ये रुईचा भाव विचारला तर तोही खंडीचाच सांगतात. पेणहून मुंबई काही लांब नाही. एके काळी पेणचे भात आणि मीठ अंतोर्‍याच्या बंदरातून गलबतांनी मुंबईलाच जात असे. तरीही या दोन खंड्यांचे एकमेकींशी काही नाते उरलेले नाही. पेणची खंडी मापाची, मुंबईची खंडी वजनाची. एक पायलीने भरायची, दुसरी काट्यावर चढवायची. शब्द एकच, माल निराळा, हिशेब निराळा.

हा अंक ज्यांच्या हाती पडतो ते बहुतेक सगळे कापूस आणि ज्वारीवाले, कोरडवाहू. त्यांनी म्हणावे, आम्हाला पेणच्या भाताचे काय? पण पेणच्या कुळाला जो प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडत होता तोच आज यवतमाळच्या आणि परभणीच्या कापूसवाल्याला पडतो. आपला कापूस बाजारात जातो क्विंटलने. पेपरात आणि मोबाइलवर भाव येतो खंडीने. देशाचे पीक मोजतात गाठींनी. अमेरिकेतला भाव येतो पौंडाने, तोही सेंटमध्ये. या चारांचा मेळ घालणारा माणूस बाजारात नेहमी एकच असतो, आणि तो विकणारा नसतो.

आधी पेणची खंडी पाहू, कारण मापाचा सगळा इतिहास तिच्यात आहे.

खंडी म्हणजे मुळात वीस. धनगर अजूनही मेंढरे खंडीने मोजतो. वीस मेंढ्यांची एक खंडी. धान्यात वीस मणांची खंडी. आता मण कितीचा? बारा पायल्यांचा. पायली? चार शेरांची. आणि शेर? इथे गाडी अडते. शेर दोन प्रकारचे होते, मापी आणि वजनी. मापी शेर म्हणजे एक भांडे. ते कोणी घडवले, त्याचा तळ किती जाड, तोंड किती रुंद, यावर शेर ठरणार. त्यातून मुंबईच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा फरा आणि आठ फर्‍यांची खंडी. म्हणजे तिथे वीस हा आकडाच नाही. मिठाचे कोष्टक आणखी वेगळे : साडेदहा अधोल्यांचा फरा, शंभर फर्‍यांचा एक आणा आणि सोळा आण्यांची एक रास. तो आणा पैशातला नव्हे, मिठातला. पेणच्या मिठागरात राबणार्‍या माणसाने आगरातला आणा आणि खिशातला आणा यांत गल्लत केली नसेल, पण कोष्टक करणार्‍यांनी त्याच्यासाठी वाट सोपी ठेवली नव्हती एवढे खरे.

माप आणि वजन यांतला फरक पुस्तकी वाटतो, पण तो पोटाशी येऊन भिडतो. एक लिटरच्या भांड्यात भात साडेपाचशे-सहाशे ग्रॅम बसते. तेच भांडे तांदळाने भरा, आठशे ग्रॅमच्या आसपास जाईल. ज्वारी असेल तर सातशे-साडेसातशे. दाणा टपोरा की बारीक, ओला की वाळलेला, भरताना भांडे हापटले की नाही, एवढ्यावर पायलीचे वजन बदलते. कापसाचे तर मापच होत नाही. दाबाल तितका तो दबतो. म्हणून एक पायली म्हणजे किती किलो, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एकच : कशाची पायली आणि कोणाची पायली, ते आधी सांगा.

शिवाय शीग आहेच. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवला की ते सपाट माप. वर ढीग चढू दिला, दाणे घरंगळेपर्यंत ओतत राहिले, की ती शीग. एखादी गोष्ट शिगेला पोचली असे आपण सहज म्हणतो, तो शब्द खळ्यावरून आला आहे. खळ्यावर पहिले माप ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजायचे, मग दोन, तीन. रीत चांगली, शब्द शुभ. प्रश्न एवढाच की लाभ कोणाचा? घेताना शिगेचे माप आणि देताना सपाट, ही युक्ती कोणत्याही गावात कोणाला शिकवावी लागली नाही. तोंड रुंद असलेल्या भांड्यावर शीगही मोठी चढते. तेव्हा भांडे घडवतानाच अर्धा व्यवहार ठरून गेलेला असे.

त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोतीचा अंमल होता. कुळाने खंड भरायचा तो धान्यात. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली संप पुकारला आणि १९३९ पर्यंत शेते कसली नाहीत. एवढी वर्षे जमीन पडीक ठेवणारा शेतकर्‍यांचा दुसरा संप आम्हाला ठाऊक नाही. तो संप मापासाठी नव्हता, अर्ध्या पिकावरच्या हक्कासाठी आणि खोतीविरुद्ध होता. पण जिथे देणे धान्यात आहे तिथे माप कोणाच्या घरातले, हा प्रश्न आलाच. कुळाने निम्मे द्यायचे ठरले तरी निम्मे कशाने मोजायचे? खोती पुढे १९४९ च्या कायद्याने गेली. माप मात्र आणखी काही वर्षे जागच्या जागी होते.

हे कोकणातच होते असे कोणी समजू नये. १९२८ साली शेतीवरच्या शाही आयोगाने, लिनलिथगो आयोगाने, आपला अहवाल दिला. त्यात आपल्या पूर्व खानदेशाचा दाखला आहे. तिथे १९ ठिकाणी चौकशी केली तेव्हा मणाचे १३ वेगवेगळे अर्थ सापडले. सर्वांत हलका मण साडेएकवीस शेरांचा, सर्वांत जड ऐंशी शेरांचा. शेजारच्या बाजारात माल नेला की मण जवळजवळ चौपट होऊ शकतो, मग भाव कुठे चांगला हे शेतकर्‍याला कळणार कसे? ‘तिकडे मणाला दोन रुपये जास्त मिळतात’ या वाक्याला काही अर्थच राहत नाही. बाजार एकमेकांपासून तोडून ठेवायचे असतील तर भिंत बांधावी लागत नाही; मण वेगवेगळा ठेवला की पुरते.

वर्‍हाडात त्याही आधी, १८९७ साली, कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आज ज्याला आपण बाजार समिती म्हणतो तिचा मूळपुरुष हाच. परवानाधारक मापाडी, तपासलेली वजने, ठरलेल्या पट्ट्या असे बरेच काही त्यात होते. त्या कायद्यामागे गोर्‍या गिरणीवाल्यांचा आपला स्वार्थ होता, कारण त्यांना लँकेशायरला चांगला कापूस हवा होता. पण स्वार्थापोटी का होईना, काटा सरळ करावा लागला. समित्यांचे पुढे काय झाले तो या लेखाचा विषय नाही. त्यावर आम्ही पुष्कळ लिहिले आहे आणि लिहीत राहू.

मग मेट्रिक पद्धत आली. रोह्यात ज्यांचे बालपण गेले ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ साली दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनांचा कायदा १९५६ सालचा. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो बाजारात येऊ लागला आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनांत तो सक्तीचा झाला. त्याआधी १९३९ च्या कायद्याने तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा आणि मण ४० शेरांचा असे ठरलेच होते. त्या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅमचा, छटाक ५८ ग्रॅमची, शेर ९३३ ग्रॅमचा आणि मण ३७.३२ किलोचा होतो. कागदावर सगळे स्वच्छ. बाजारात मात्र ‘शेर म्हणजे किलोच की’ असे म्हणत पुष्कळ वर्षे गेली. ज्याने शेराच्या भावात किलो दिला त्याचे ६७ ग्रॅम गेले, ज्याने किलोच्या भावात शेर घेतला त्याचेही गेले. दर शेराला ६७ ग्रॅम ही क्षुल्लक बाब वाटते, पण वीस मणांवर ते ५३ किलोंच्या वर जाते.

घरातल्या मायबहिणींसाठी एक बाजूची गोष्ट सांगून ठेवतो. कायद्याचा तोळा पावणेबारा ग्रॅमच्या जवळ जातो, आणि आज आपल्याकडे सराफात तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात. आजीने ‘पाच तोळ्यांच्या पाटल्या आहेत’ असे सांगितले असेल तर त्या जुन्या हिशेबाने ५८ ग्रॅम भरतील. वाटणीच्या वेळी किंवा मोडीच्या वेळी कोणी पन्नास ग्रॅम धरून चालू लागला तर आठ ग्रॅम सोने तोंडच्या तोंडी गेले. आधी काट्यावर घाला, मग बोला. रोह्याकडे भात निघाल्यावर त्याच खाचरांत वाल पेरतात. सोनाराच्या काट्यावरही वाल नावाचे वजन होते, गुंजेहून मोठे आणि माशाहून लहान. बी एकसारखे निपजते म्हणून ते वजन झाले. सोन्यासाठी एवढी काळजी घेणार्‍या व्यवहाराला धान्यासाठी मात्र पोचे पडलेली पायली चालत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता कापसाची खंडी. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा. वीस मणांची साधी मुंबई खंडी ५६० पौंडांची. कापसाची खंडी मात्र २८ मणांची. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस, ७८४ पौंड. इंग्रजांच्या हंड्रेडवेटमध्ये, म्हणजे ११२ पौंडांच्या मापात, ती बरोबर सात भरते. वीसाची खंडी अठ्ठावीसाची झाली ती साहेबाच्या मापात चपखल बसली. ही ७८४ पौंडांची खंडी म्हणजे ३५५.६२ किलो. देशात मेट्रिक सक्तीचे होऊन साठ वर्षांवर काळ लोटला, तरी मुंबईचा रुईबाजार अजून याच खंडीवर चालतो. १९२१ साली स्थापन झालेली कापूस व्यापार्‍यांची संघटना आजही खंडीचे भाव काढते. २०२३ साली एमसीएक्सवरचा रुईचा वायदासुद्धा गाठीवरून खंडीवर आला. २००९ च्या वैध मापन कायद्याचे अकरावे कलम म्हणते की भाव सांगायचा, छापायचा तो प्रमाणित एककातच. हे कलम गावच्या आठवडी बाजारात पायलीने ज्वारी विकणार्‍या म्हातारीला लागू आहे, तसेच ते मोठ्यांनाही लागू असणार. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की व्यापार्‍यांची संघटना खंडीच्या शेजारी क्विंटलचाही भाव छापते. पण तिथेच दुसरा खड्डा आहे. तो क्विंटल रुईचा. आपला क्विंटल कापसाचा. त्यात सरकी आहे. क्विंटल हा एकच शब्द वाचून दोन भावांची तुलना करणारा माणूस पेणची खंडी मुंबईच्या खंडीत मोजतो आहे.

म्हणून हिशेब एकदा नीट मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

समजा रुईचा भाव खंडीला ५६,००० रुपये आहे. ३५५.६२ ने भागले की किलोला १५७ रुपये ४७ पैसे. एक क्विंटल कापसातून रुई किती निघते? वाणावर, वेचणीवर, पावसावर अवलंबून. ३४ किलो धरू. त्या रुईची किंमत ५,३५४ रुपये. राहिली सरकी. दोन किलो कचरा आणि घट सोडून ६४ किलो. सरकी समजा ३५ रुपये किलो, तर २,२४० रुपये. दोन्ही मिळून ७,५९४ रुपये. त्यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक, व्यापार्‍याचे व्याज आणि नफा जाणार. त्याने नफा घेऊ नये असे आम्ही कधी म्हटलेले नाही. किती घेतला ते मात्र आपल्याला मोजता आले पाहिजे.

रोज एवढी आकडेमोड कोणी करणार नाही. त्यासाठी एक सोपी खूण लक्षात ठेवा. चौतीस टक्के उतार्‍याच्या कापसाला एक खंडी रुईसाठी साडेदहा क्विंटल कापूस लागतो. तेव्हा खंडीच्या भावाला साडेदहाने भागा. तुमच्या एका क्विंटलातल्या रुईची किंमत हाती येते. त्यात सरकी मिळवा. बस.

या साडेदहाचा खरा उपयोग भाव चढताना आणि पडताना होतो. पेपरात मथळा येतो : ‘रुई खंडीमागे हजार रुपयांनी वाढली’. घरात आनंदीआनंद. पण हजाराला साडेदहाने भागा. क्विंटलमागे ९५ रुपये वाढले. हजार नव्हे. उलट एखाद्या दिवशी गाडी यार्डात लागलेली असताना सांगतात, ‘मुंबई तुटली, खंडीला हजार गेले’, आणि क्विंटलचा भाव तीनशेने पाडतात. ज्याला साडेदहा माहीत आहे तो तिथेच विचारील, हजार गेले तर माझे ९५ गेले, वरचे दोनशेपाच कोणाचे? सरकी उतरली असेल तर तसे सांगा, तिचाही भाव दाखवा. हा प्रश्न यार्डात दहा जणांनी एका दिवशी विचारला तर काय होते ते पाहण्यासारखे असते.

उतारा हा या हिशेबाचा आत्मा आहे आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते. ३३ टक्के उतार्‍याला खंडीस पावणेअकरा क्विंटल कापूस लागतो. ३६ टक्क्यांना दहाहून थोडा कमी. ३८ टक्क्यांना साडेनऊच्याही आत. वरच्याच भावाने उतारा एका टक्क्याने वाढला तर सरकीची रुई होऊन क्विंटलमागे १२२ रुपये जास्त येतात. हमीभाव ठरतो धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर पाहून. उतारा ठरवून पैसे देणारा सौदा आपल्या यार्डात क्वचितच दिसतो. ज्याच्या कापसाला ३७ चा उतारा आणि ज्याच्या कापसाला ३३ चा, ते दोघेही एकाच भावाने मोकळे. फरक जिनिंगच्या दारापलीकडे राहतो. भाताचे पाहा. पेणच्या शेतकर्‍याचे भात सरकारी खरेदीत गेले की भरडाईसाठी साध्या तांदळाचा ६७ टक्के उतारा धरतात, आणि तो आकडा सगळ्यांना माहीत असतो. तो बरोबर की चूक यावर भांडता येते. कापसाचा आकडा पुढ्यातच येत नाही तर भांडणार कशावर?

आपला उतारा घरी काढता येतो. वाळलेला शंभर ग्रॅम कापूस सोनाराच्या किंवा किराणावाल्याच्या बारीक काट्यावर तोलून घ्या. हाताने सरकी वेगळी करा. सरकी ६४-६५ ग्रॅम भरली तर उतारा ३४ च्या आसपास. ६१ भरली तर ३७ च्या पुढे. चार वेगवेगळ्या ठिकाणचा कापूस घेऊन चार वेळा करा, म्हणजे फसगत होणार नाही. दुपारचे काम आहे. घरातली पोरे हौसेने करतील आणि शाळेतले शेकडेवारीचे गणितही होऊन जाईल.

अमेरिकेच्या भावाचेही असेच. तिथे भाव सेंटात, एका पौंडाला. खंडीत ७८४ पौंड, म्हणून सेंटाला ७.८४ ने गुणले की खंडीचे डॉलर आले. ७० सेंट असेल तर ५४९ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर खंडी ४६,६४८ रुपयांची. हा तिथला भाव. बोटीचे भाडे, विमा, जकात वेगळी. म्हणजे आपल्या मुंबईच्या खंडीचे एक गुपित उघड झाले : पौंडाशी तिचे गणित सरळ जुळते, किलोशी जुळत नाही. म्हणूनच ती टिकली. ज्याला लिव्हरपूलशी आणि न्यूयॉर्कशी व्यवहार करायचा त्याच्या सोयीची ती आहे. गाठींचे पाहा. जुनी हिंदुस्थानी गाठ ३९२ पौंडांची, बरोबर अर्धी खंडी. मेट्रिकनंतर गाठ बदलत आज १७० किलोंची झाली आहे. खंडीत आता २.०९ गाठी बसतात. अमेरिकेची गाठ ४८० पौंडांची, म्हणजे जवळजवळ २१८ किलो. ‘त्यांच्या इतक्या गाठी, आपल्या इतक्या गाठी’ अशी तुलना भाषणात ऐकली की गाठ कोणाची ते विचारून घ्यावे. आपल्या पाच गाठी होतात तेव्हा त्यांच्या चारसुद्धा होत नाहीत.

खंडी बंद करा, अशी मागणी काही कार्यकर्ते करतात. आमचे मत तसे नाही. जुन्या नावाने कोणाचे नुकसान होत नाही. अमेरिकेत ज्वारी अजून बुशेलने विकतात. बुशेल हे मुळात आपल्या पायलीसारखे मापच, टोपलीचे. पण तिथे बुशेलला वजन बांधून दिलेले आहे : ज्वारीचा बुशेल ५६ पौंडांचा, गव्हाचा ६०, ओटचा ३२. नाव जुने राहिले, शीग गेली. ज्वारीचा बुशेल २५.४ किलो, क्विंटलला चारच्या किंचित खाली; तेवढे माहीत असले की शिकागोचा भाव लातूरच्या ओट्यावर बसून वाचता येतो. आणि कापसाच्या खंडीलाही ३५५.६२ किलो हे वजन बांधलेलेच आहे. ते व्यापार्‍याला माहीत, दलालाला माहीत, जिनवाल्याला माहीत. शेतकर्‍याला माहीत नाही. तेव्हा खंडी पुसण्यापेक्षा खंडीचा उलगडा यार्डाच्या फळ्यावर लिहून घेणे हे काम आधीचे.

एका मापातून दुसर्‍यात जाताना शिकलेसवरलेलेही कसे घसरतात त्याचा एक दाखला देऊन ठेवतो, म्हणजे आपल्याला न्यूनगंड नको. १९८३ च्या जुलैत कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानात इंधन भरले. विमानाला हवे होते २२,३०० किलो. टाकीतले इंधन मोजले लिटरने, आणि लिटरचे वजन काढताना किलोचा गुणक न वापरता पौंडाचा वापरला. हवे होते त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले. आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिक हुशार, त्याने विमान तरंगत आणून गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे वाचले. चूक काय होती? मापाचे वजन करताना कोणता आकडा घ्यायचा एवढीच. पायली आणि किलो यांतलीच चूक, फक्त आकाशात केलेली. विमानाची चूक त्याच उड्डाणात उघडी पडते. कापसाची पिढ्यान्‌पिढ्या पडत नाही, कारण खाली येणारा एकटा शेतकरी असतो.

गोणीचेही तेच. युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोची झाली. ‘एकरी एक गोणी’ या जुन्या हिशेबाने टाकणार्‍याच्या शेतात २३ किलोऐवजी २०.७ किलो नत्र पडते. युरिया कमी पडावा हे कदाचित बरेही असेल, पण ते ठरवून व्हावे, गोणी बदलली म्हणून नकळत होऊ नये. गोणी, पोते, गाडी, ओझे ही काही वजने नव्हेत.

आता मागणी. प्रत्येक बाजार समितीने कापसाच्या हंगामात यार्डाच्या दाराशी एक फळा लावावा. त्यावर रोज सकाळी चार आकडे लिहावेत : रुईचा खंडीचा भाव, त्यावरून रुईचा किलोचा भाव, सरकीचा भाव, आणि ३३, ३५ व ३७ टक्के उतार्‍याला एका क्विंटल कापसात रुई-सरकीचे किती रुपये होतात तो हिशेब. त्याखाली कापसाचा यार्डातला भाव. यात सरकारचा पैसा लागत नाही, ठराव लागत नाही, मुंबईला शिष्टमंडळ न्यावे लागत नाही. खडू लागतो. समितीने फळा लावला नाही तर आपल्या गावच्या शाखेने चावडीवर लावावा. भातपट्ट्यात, पेण-रोह्याकडे, याच धर्तीवर भाताचा क्विंटल आणि तांदळाचा उतारा यांचा फळा लावता येईल. तिथल्या कार्यकर्त्यांनी मण आणि खंडीची मापे आपापल्या गावी एकदा काट्यावर घालून किलोंत लिहून ठेवावीत. जुनी लाकडी आणि लोखंडी मापे अजून कित्येक घरांच्या माळ्यावर आहेत. ती मोडीत जाण्याआधी त्यांत वाळलेले भात सपाट भरून एकदा आणि शिगेने भरून एकदा तोलावे. दोन्हींतला फरक कुळांनी किती वर्षे भरला ते कळेल.

काट्यावर शिक्का आहे की नाही, कोणत्या वर्षाचा आहे, ते पाहण्याचा हक्क प्रत्येक विकणार्‍याला आहे. शिक्का नसेल तर वैध मापन निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी तक्रार करणे म्हणजे पायलीने कापूस मोजणे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने निदान दहा शेतकर्‍यांच्या कापूस विक्रीच्या पावत्या आणाव्यात. पावतीवर विक्रीची तारीख, वजन, कटती आणि भाव स्पष्ट दिसला पाहिजे. ज्यांनी घरी उतारा काढला असेल त्यांनी तो पावतीच्या पाठीमागे पेनाने लिहावा. त्या-त्या तारखेचे मुंबईचे खंडीचे भाव आणि सरकीचे भाव आम्ही काढून ठेवतो. बैठकीत फळ्यावर पावतीगणिक हिशेब मांडू.